सिनेमा संपल्यावर गावात कोण थांबतं?

चित्रपटाच्या सुरुवातीला निर्मात्याचं नाव येतं. एखादी कंपनी, एखादे शेठ, फार तर दोघे भाऊ. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’मध्ये त्या जागी गुजरातचे पाच लाख शेतकरी येतात. यात अलंकार काही नाही, सरळ हिशेब आहे. गुजरातच्या दूध सहकारी संस्थांच्या सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख जमले आणि 1976 साली चित्रपट उभा राहिला. कथा बेनेगल आणि वर्गीस कुरियन यांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद कैफी आझमींचे, कॅमेरा गोविंद निहलानींचा. पडद्यावर स्मिता पाटील, गिरीश कार्नाड, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी आणि शहरातून आलेल्या पथकात आपले मोहन आगाशे. चित्रपट लागला तेव्हा हे निर्माते ट्रक भरभरून थिएटरांत आले आणि स्वतःच्याच सिनेमाची तिकिटं काढून बसले! निर्माते तेच, प्रेक्षक तेच, गोष्टही त्यांचीच. जगाच्या सिनेमाच्या इतिहासात असा ताळेबंद दुसरा सापडणं अवघड आहे.

अन्न कुठून येतं, त्याचा भाव कोण ठरवतं, मधल्या मध्ये पैसा कुठे जिरतो, यावर आता ढिगानं माहितीपट निघतात. मोबाइलवर बोट फिरवलं की एखादा समोर येतोच. पाहून आपण हळहळतो, दोन दिवस ब्रेड सोडतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा आणतो. पण यातल्या काही मोजक्या चित्रपटांनी आणि कार्यक्रमांनी खरोखरच लोकांच्या ताटातलं अन्न बदललं. ते कसं घडलं, याचा माग काढत गेलं की थक्क व्हायला होतं. कारण उत्तर बहुतेक वेळा पडद्यावर नसतं.

‘मंथन’ हा माहितीपट नव्हे हे खरं, पण त्याचा जन्म माहितीपटांतूनच झाला. बेनेगल यांनी आधी दूध सहकारावर माहितीपट केले होते. अडचण एवढीच की ते पाहणारी माणसं आधीपासूनच सहकाराच्या बाजूची होती. ज्या गावात अजून संस्था नाही, जिथे दुधाचा व्यापारी हाच सावकार आणि तोच जगाशी एकमेव दुवा, तिथे असा माहितीपट कोण लावणार? म्हणून गोष्ट सांगायचं ठरलं. पैसे देणाऱ्यांची स्तुती करणारा जाहिरातपट सहज निघाला असता. निघाला भलताच. यातली दूध संस्था जातीच्या भिंतीवर आपटून जवळपास फुटते. संस्थेच्या निवडणुकीत दलित वस्तीतला उमेदवार जिंकतो आणि सरपंचाला ते सोसत नाही. शहरातून आलेला सज्जन पशुवैद्य डॉक्टर राव काम अर्धवट टाकून निघून जातो, आणि पुढचं सगळं भोला नावाच्या तापट तरुणाच्या गळ्यात पडतं. स्वतःच्या पैशानं स्वतःच्या उणिवा अशा उघड्यावर मांडायला धाडस लागतं. सहकारात मुरलेल्या आपल्या महाराष्ट्राला तर हे विशेष जाणवावं.

या चित्रपटात एक प्रसंग आहे, त्यावर थोडं थांबायला हवं. डॉक्टर राव गावातल्या बिंदूच्या दुधाचा नमुना घेतो, तपासतो, आणि तिला व्यापारी मिश्राजीच्या डेअरीपेक्षा जास्त पैसे मिळायला हवेत हे उघड होतं. पडद्यावर फारसं काही घडत नाही. एका अडाणी बाईला तिच्या दुधाचा भाव कळतो, इतकंच. पण दुधाच्या राजकारणाची सगळी मेख तिथेच आहे.

दूध मापानं विकलं तर व्यापाऱ्याची चांदी. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश, गाईच्या दुधात साडेतीन-चार. त्यात कोणी पाणी घातलेलं, कोणाची म्हैस सरकी पेंड खाणारी, कोणाची कडब्यावर जगणारी. डोळ्यांनी पाहून काहीच कळत नाही. मग ‘तुझं दूध पातळ आहे’ असं म्हणायचा हक्क आपोआप विकत घेणाऱ्याकडे जातो. तो हक्क काढून घेणारी युक्ती निकलाउस गर्बर या स्विस माणसानं 1891 च्या सुमारास शोधली. काचेची एक नळी, मान बारीक आणि मानेवर आकडे. तिच्यात 10 मिलिलिटर गंधकाम्ल ओतायचं, वर 10.75 मिलिलिटर दूध, वर 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका देण्याइतकी तापते आणि दुधाचा रंग काळपट तपकिरी होतो. आम्ल दुधातली प्रथिनं विरघळवून टाकतं. शिल्लक राहतं ते फक्त तूप. नळ्या गोल यंत्रात घालून गरगर फिरवल्या की हलकं तूप मानेत चढतं आणि पिवळ्याधमक उभ्या रेषेसारखं थांबतं. आकडा वाचायचा. सहा पॉइंट आठ. झालं!

आज आपल्याकडे डेअरीला दूध घालणारा कुठलाही शेतकरी ‘आज फॅट किती लागली?’ असं विचारतो. यंत्रं आता विजेवर चालतात, आकडा क्षणात पडद्यावर येतो आणि बिलाच्या चिठ्ठीवर छापून मिळतो. पण हा प्रश्न विचारता येणं हीच एकेकाळी क्रांती होती. दुधाचा भाव माणसाच्या जिभेवरून उठून काचेच्या नळीवर गेला, आणि नळीला जात कळत नाही, उधारी कळत नाही, कोण कोणाचा मिंधा आहे तेही कळत नाही. (आकडा वाचणाऱ्याला ते सगळं कळतं, म्हणून तिथेही गफलती होतात. फॅट ‘मारली’ अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. तो वेगळ्या सिनेमाचा विषय.)

या गोष्टीचं दुसरं टोक मुंबईत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत चांगलं दूध मिळेना, तेव्हा सरकारनं 1945 मध्ये मुंबई दूध योजना आखली. चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या खेडा जिल्ह्यातून दूध आणायचं आणि ते गोळा करण्याचा मक्ता पोल्सन कंपनीला द्यायचा, असं ठरलं. मुंबईकरांना दूध मिळालं, सरकार खूश झालं, कंपनी खूश झाली. दूध काढणाऱ्यांच्या हातात मात्र जे टेकवलं जाई ते निमूट घ्यावं लागे. 4 जानेवारी 1946 रोजी सामरखा गावच्या सभेत मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत ठरलं की आता कंपनीला दूध घालायचं नाही. पंधरा दिवस मुंबईला खेडा जिल्ह्याचं दूध गेलं नाही. संपाच्या एरवीच्या गोष्टींत माल गोदामात पडून राहतो. दूध काही तासांत नासतं. म्हणजे हा संप दोन्ही टोकांना तितकाच महाग होता, आणि तरी शेतकरी टिकले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा दूध संघ नोंदला गेला. पुढे तो अमूल या नावानं घराघरात पोचला. अमूल वाढवणारे कुरियन खेडा जिल्ह्यातल्या आणंदला आले 1949 मध्ये, तेही सरकारी शिष्यवृत्तीची परतफेड म्हणून नाइलाजानं.

आता मूळ मुद्द्याकडे. ‘मंथन’ला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेंडुलकरांना पटकथेसाठी मिळाला, भारतानं तो ऑस्करला पाठवला. 2024 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून त्याची नवी प्रत तयार झाली आणि ती कान महोत्सवात दाखवली गेली. हे सगळं छान आहे. पण मला यापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त चकित करते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं चित्रपटाच्या 16 मिलिमीटरच्या प्रती काढल्या आणि इतर राज्यांतल्या गावांत नेल्या. प्रोजेक्टरबरोबर माणसंही जात. एक पशुवैद्य, एक दुधाचा तंत्रज्ञ, एक वैरणीचा जाणकार. रात्री गावाच्या चावडीपुढे सिनेमा, आणि पडदा गुंडाळल्यावर त्याच गावात डॉक्टर रावसारखीच खरीखुरी माणसं, ‘तुमच्याकडे संस्था काढायची का?’ असं विचारायला हजर. सिनेमातला पशुवैद्य जणू पडद्यावरून खाली उतरून म्हैस तपासायला बसला. असा विचार आधी कोणी केला होता?

केला होता, आणि तोही पुण्यात. 1956 सालच्या सुरुवातीच्या महिन्यांत पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला: शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं. पश्चिम महाराष्ट्र आणि नाशिक-नगरकडच्या पाच जिल्ह्यांत मिळून सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात विसेक माणसांचं मंडळ आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा, एकूण 20 कार्यक्रम. मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, ऐकून झालं की चर्चा करायची, आणि काय ठरलं, काय पटलं नाही, काय विचारायचं आहे ते आकाशवाणीला लिहून कळवायचं. पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरं मिळत. खत, बियाणं, उंदीर, पीककर्ज असे विषय. कल्पना मूळची कॅनडाची, पण तिची खरी कसून परीक्षा झाली ती इथे, कारण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं तिचं मूल्यमापन केलं.

त्या मूल्यमापनाची रचना पाहिली की आजही दाद द्यावीशी वाटते. तीन प्रकारची गावं तपासली: जिथे मंडळ होतं, जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, आणि जिथे रेडिओच नव्हता. कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर लोकांना सारखेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत शेतीविषयक माहिती भरघोस वाढली. आणि ज्या गावात रेडिओ होता, पण चर्चेला बसणारं मंडळ नव्हतं? तिथे वाढ अगदी किरकोळ. आवाज तोच, वक्ते तेच, उंदीर मारायचा उपायही तोच. फरक एवढाच की ऐकून झाल्यावर कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. सत्तर वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आज माहितीपट काढणाऱ्या प्रत्येकानं टेबलावर लावून ठेवायला हरकत नाही.

त्याच्या काही वर्षं आधी इंग्लंडमध्ये वेगळीच खटपट चालली होती. युद्ध संपून पाच वर्षं झाली होती, तरी मांस, लोणी, साखर रेशनवर होती. मांसावरचं रेशन उठायला 1954 चा जुलै उजाडला. शेतकऱ्यांनी जास्त पिकवावं म्हणून बीबीसी शेतीची भाषणं लावी आणि शेतकरी रेडिओ बंद करत. 1948 च्या एका बैठकीत एका शेतकऱ्यानंच सुचवलं की लोक रोज संध्याकाळी हेरकथा ऐकायला कान टवकारून बसतात, तशी एखादी शेतीची मालिका काढा की. त्यातून ‘द आर्चर्स’ जन्मली. 1 जानेवारी 1951 पासून देशभर रोज पाव तास. भानगडी, प्रेमप्रकरणं, आगी, मृत्यू, आणि मध्येच कृषी मंत्रालयाचा सल्ला: साइलेज कसं करावं, डुकरांना काय घालावं. शिकवणीचं काम 1972 मध्ये अधिकृतपणे संपलं. मालिका अजून चालू आहे आणि तिचे वीस हजारांहून जास्त भाग झाले आहेत. तमिळनाडूत साठच्या दशकात एडीटी-27 नावाच्या भाताच्या जातीला शेतकरी सरळ ‘रेडिओ भात’ म्हणू लागले, कारण तिची माहिती त्यांना आकाशवाणीवरून मिळाली होती. बियाण्याला कार्यक्रमाचं नाव मिळावं, यापेक्षा मोठा पुरस्कार कुठला!

हे झाले शेतकऱ्याला उद्देशून केलेले कार्यक्रम. खाणाऱ्याला उद्देशून केलेल्यांची तऱ्हा निराळी. 25 नोव्हेंबर 1960 रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीनं ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ दाखवला. आदल्या दिवशी घरोघर मेजवान्या झालेल्या. त्या मेजवानीतल्या भाज्या आणि फळं ज्यांनी तोडली, ते गावोगाव फिरणारे शेतमजूर कुठे झोपतात, मुलांना काय खाऊ घालतात, हे एडवर्ड मरो यांनी कोणताही आडपडदा न ठेवता दाखवलं. वेळ मुद्दाम साधलेली होती. पोट भरलेलं असतानाच हे पाहायला लावायचं. देश हादरला. आणि मग? 1970 मध्ये एनबीसी या दुसऱ्या वाहिनीनं त्याच मजुरांवर पुन्हा माहितीपट केला, तेव्हा परिस्थिती फारशी हललेली नव्हती. गंमत अशी की मरो स्वतः 1961 मध्ये अमेरिकन सरकारच्या प्रचारखात्याचे प्रमुख झाले आणि आपलाच माहितीपट बीबीसीनं दाखवू नये म्हणून त्यांनी खटपट केली. बीबीसीनं दाखवलाच. मरो यांच्याबद्दल मनात आदर असूनही हा तपशील वाचताना हसू येतं.

‘हार्वेस्ट ऑफ शेम’नंतर सुमारे आठ वर्षांनी, 21 मे 1968 रोजी, सीबीएसनंच ‘हंगर इन अमेरिका’ दाखवला. या माहितीपटात एक गंभीर चूक होती. सुरुवातीलाच जे बाळ उपासमारीनं मरताना दिसतं, ते प्रत्यक्षात अपुऱ्या दिवसांचं जन्मलेलं होतं. कृषी खातं खवळलं, सरकारी चौकशी लागली. तरीही या माहितीपटानं जे केलं ते आधीच्या निर्दोष माहितीपटाला जमलं नाही. कारण तो पाहणाऱ्यांत जॉर्ज मॅकगव्हर्न नावाचे सिनेटर होते. पडद्यावरचा एक शाळकरी मुलगा इतर मुलं जेवत असताना बाजूला उभा राहतो आणि आपल्याला लाज वाटते असं सांगतो. लाज त्याला नव्हे, आपल्याला वाटायला हवी, असं मॅकगव्हर्न यांना वाटलं. पुढे ते अनेकदा हा प्रसंग सांगत. जुलै 1968 मध्ये सिनेटची पोषणविषयक खास समिती नेमली गेली, अध्यक्ष मॅकगव्हर्न. गरिबांच्या फूड स्टॅम्पची व्याप्ती वाढली, शाळेतल्या जेवणाकडे लक्ष गेलं. मजुरांच्या पाठीशी असा माणूस खुर्चीत बसलेला नव्हता. उपाशी मुलांच्या पाठीशी योगायोगानं बसलेला निघाला.

आता एक धागा पाहा. हेच मॅकगव्हर्न 1961 मध्ये केनेडी सरकारच्या ‘फूड फॉर पीस’ कार्यालयाचे प्रमुख होते. रोमच्या एका बैठकीत त्यांनी सुचवलं की अनेक देशांनी मिळून अन्नमदतीचा एक कार्यक्रम चालवावा. त्यातून संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम उभा राहिला. आणि 1970 मध्ये भारतात ऑपरेशन फ्लड ही दूधवाढीची योजना सुरू झाली तेव्हा याच कार्यक्रमामार्फत युरोपातली शिलकी दूध पावडर आणि बटर ऑइल आपल्याकडे आलं. पहिल्या टप्प्यात सव्वा लाख टनांहून अधिक पावडर आणि 42,000 टन बटर ऑइल. कुरियन यांची हुशारी अशी की ही दानाची पावडर फुकट वाटली नाही. फुकट वाटली असती तर इथल्या गवळ्याच्या दुधाला कोणी विचारलं नसतं. तिचं दूध करून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत विकलं आणि आलेल्या पैशातून गावोगाव संस्था, शीतकेंद्रं, टँकर उभे केले. परदेशी दुधाच्या पैशानं देशी दूध वाढवायचं! 1950-51 मध्ये देशात 1 कोटी 70 लाख टन दूध होत असे. 2023-24 मध्ये सुमारे 23 कोटी 90 लाख टन. हे सगळं एकट्या सहकारामुळे झालं असं मी म्हणणार नाही. संकरित गाई, वाढलेली शहरं, खासगी डेअऱ्या, सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

खाणाऱ्यांच्या कार्यक्रमांत सर्वांत खट्याळ यश मिळालं ते जेमी ऑलिव्हर या इंग्लिश बल्लवाचार्याला. 2005 च्या सुरुवातीला चॅनल फोरवर त्याच्या ‘जेमीज स्कूल डिनर्स’चे चार भाग आले. लंडनच्या ग्रिनिच भागातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तो शिरला आणि एका मुलाच्या जेवणाच्या सामानावर 37 पेन्स खर्च होतात हे त्यानं देशाला दाखवलं. तेवढ्यात काय येतं, तर टर्की ट्विझलर नावाचा मळसूत्री आकाराचा, दळलेल्या टर्कीचा तळीव प्रकार. मुलांनी जेमीची ताजी भाजी तोंडातून थुंकून टाकली, तेही दाखवलं. 2,71,677 सह्यांचं निवेदन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या दारात गेलं आणि सरकारनं 28 कोटी पौंड जाहीर केले. मे महिन्यात निवडणूक होती, हे सांगायला नकोच. पुढे रॉदरहॅमजवळच्या एका शाळेत काही आया कुंपणावरून मुलांना बर्गर आणि चिप्स पोचवू लागल्या. मुलांना काय खायला घालायचं हे टीव्हीवरच्या माणसानं आम्हांला शिकवू नये, हे त्यांचं म्हणणं. मला त्या आयांचा राग येत नाही. गरिबाच्या ताटाबद्दल श्रीमंतानं बोलताना आवाज नकळत चढतोच.

मात्र दोन अर्थतज्ज्ञांनी, मिशेल बेलो आणि जोनाथन जेम्स यांनी, ग्रिनिचच्या शाळांची शेजारच्या भागांतल्या शाळांशी तुलना केली. जेवण बदललेल्या शाळांत मुलांचे निकाल सुधारले होते, आणि आजारपणासारख्या कारणांसाठी परवानगी घेऊन होणाऱ्या गैरहजेऱ्या सुमारे 14 टक्क्यांनी घटल्या होत्या. टीव्हीचा कार्यक्रम आणि मुलाची हजेरी यांच्यात इतकी सरळ रेषा क्वचितच काढता येते.

आपल्याकडे शाळेत शिजवलेलं अन्न सक्तीनं आलं ते कुठल्याही कार्यक्रमामुळे नव्हे. अन्नाच्या हक्काच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 28 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश दिला म्हणून आलं. कॅमेऱ्याचं कौतुक करताना हे विसरायला नको. न्यायालयाच्या आदेशाचा माहितीपट कंटाळवाणा होईल, पण त्या आदेशानं जेवढी पोटं भरली तेवढी जेमीच्या साऱ्या देशातही नाहीत.

आणि कॅमेऱ्याच्या मागे कोणीच उभं नसतं तेव्हा काय होतं, याचं उदाहरण विदर्भात आहे. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ हा 2009 चा माहितीपट पत्रकार पी. साईनाथ यांच्याबरोबर कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरी जातो. आत्महत्या झालेल्या घरी. नाव रोमन इतिहासकार टॅसिटसच्या एका वर्णनावरून घेतलं आहे. नीरोच्या बागेतल्या मेजवानीत उजेडासाठी कैद्यांना जाळलं गेलं. साईनाथ नीरोबद्दल फार बोलत नाहीत. ते विचारतात, पाहुणे कोण होते? शेजारी माणूस जळत असताना घास घेणारे ते कोण? तासाभराचाही नाही हा माहितीपट, पण पाहून झाल्यावर कुठलीही योजना दारात येत नाही, कुठलंही मंडळ चर्चेला बसत नाही. प्रश्न घेऊन आपण एकटेच उरतो. त्याचा दोष मी माहितीपटाला देणार नाही.

पुण्याच्या त्या रेडिओ मंडळांचा वारसा आज महाराष्ट्रात कुठे दिसत असेल, तर तो मला पानी फाउंडेशनच्या स्पर्धांत दिसतो. 2016 मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप सुरू झाला; कोरेगावच्या वेळू गावानं पहिलं बक्षीस पटकावलं. गावं टिकाव-फावडी घेऊन श्रमदान करायची, आणि ते श्रमदान टीव्हीवर मराठी वाहिन्यांतून घराघरात दिसायचं. शेजारच्या गावानं किती चर खणले हे पाहून दुसरं गाव इरेला पेटायचं. पुढे 2022 पासून फार्मर कप आला: शेतकऱ्यांनी गट करायचा, एकच पीक एकत्र ठरवून करायचं, आणि मोबाइलवरच्या डिजिटल शेतीशाळेत कृषिशास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारायचे. गट, प्रसारण, प्रश्न, उत्तर. 1956 मधल्या निमंत्रकाला हे लगेच ओळखीचं वाटलं असतं. फक्त आता पत्र टाकायला नको.

एक शंका मात्र राहतेच. चर खणणं दिसतं, गवत उगवलेलं दिसतं, विहिरीला आलेलं पाणी तर फारच सुंदर दिसतं. ते पाणी पुढे कुठल्या पिकाच्या मुळाशी जातं, हे तितकंसं दिसत नाही. आणि भावाचं धोरण तर मुळीच दिसत नाही. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती दिल्लीतल्या एका अधिसूचनेनं. ती उठायला पुढच्या वर्षीचा मे महिना लागला. त्या अधिसूचनेचं चित्रण कसं करणार? एक कागद, एक क्रमांक, एक सही. लासलगावच्या बाजार समितीत लिलावाचा पुकारा आदल्या दिवशीसारखाच होतो, गोण्या तशाच, ट्रॅक्टरही तेच, फक्त आकडा खाली आलेला. उत्पादन कसं वाढवायचं याचं उत्तर शेतीशाळेतला शास्त्रज्ञ देऊ शकतो. भाव पडला त्या दिवशी गटातल्या शेतकऱ्यानं कोणाला फोन लावायचा, हा भाग अजून कुठल्या कार्यक्रमात मला पाहायला मिळालेला नाही.